अर्ध्या शक्तीचा नमस्कार



गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्माचा उपदेश करताना भगवंतांनी अर्जुनाला बजावले आहे की, कर्म टाकून बसलास तर तुझी शरीरयात्राही चालणार नाही. देहाच्या जगण्याला तेथे यात्रा म्हटले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. यात्रेकरू वाटेत विसावतो, परंतु विसाव्याच्या जागी तो कायमचे बिऱ्हाड मांडीत नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण आपल्या सभामंडपातच आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, त्या वेळी अंगणात खेळणारी मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या पिढीतील कित्येक मंडळी पूर्वी काकड आरतीस नियमाने येत. आता ती दिसत नाहीत. विचारले असता उत्तर एकच मिळते : गुडघे. मांडी घालून बसवत नाही, साष्टांग नमस्कार घडत नाही आणि देवासमोर खुर्चीवर बसणे मनाला पटत नाही. मग घरीच बसणे होते. घरची माणसे मायेने म्हणतात, “आई, तुम्ही उठू नका, आम्ही हातात आणून देतो.” या मायेत खोट नाही, परंतु दुखणे वाढते ते पुष्कळदा याच मायेने.

असे का होते, ते पाहू. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारखा द्रव हेच तिचे अन्न. आणि सांधा हलला, दाबला गेला व मोकळा झाला, म्हणजेच तो द्रव तिच्यात नीट फिरतो. हालचाल थांबली की सांधा आखडतो, मांडीचे स्नायू रोडावतात आणि सगळा भार त्याच दुखऱ्या गुडघ्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांध्यांच्या झिजेचा विकार होता, आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. तेव्हा हे दुखणे कोणाच्या पूर्वकर्माचे फळ मानून लाजण्याचे कारण नाही.

मग व्यायाम किती करावा? समर्थ रामदासांच्या सूर्यनमस्कारांची परंपरा आपणांस पूज्य आहे. परंतु तरुणाचे माप वृद्धाला लावू नये. सुश्रुताचार्यांनी सांगून ठेवले आहे की, व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्या शक्तीने करावा. आणि श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला, की अर्धी शक्ती झाली असे समजावे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त आहारविहाराचा उपदेशही याच दिशेचा आहे. अतिश्रम आणि अतिविश्रांती, दोन्ही टोके वर्ज्य होत.

या मर्यादेत राहून घरी करता येण्याजोगा क्रम येणेप्रमाणे :

सकाळी अंथरुणातच पायांचे घोटे दहा वेळा वर-खाली करावे आणि हातांच्या मुठी सावकाश मिटाव्या व उघडाव्या. नंतर टणक बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडीचा स्नायू आवळावा, पाच वेळा रामनाम घ्यावे आणि पाय हलकेच खाली ठेवावा. दोन्ही पायांनी हे प्रत्येकी दहा वेळा करावे. नाम मोठ्याने घ्यावे. त्याने मोजदाद होते, श्वास कोंडला जात नाही आणि नामस्मरणही घडते. मग खुर्ची भिंतीला टेकवून, हातांचा आधार घेऊन, पाच वेळा उठावे व बसावे. शेवटी सपाट जागी चालावे. चालताना शेजारच्याशी बोलता यावे, इतपत गती पुरे. ज्यांना हे दहाही वेळा जमणार नाही, त्यांनी तीन वेळांपासून आरंभ करावा.

व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. व्यायाम सोडू मात्र नये. जिना चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उकिडवे बसणे आणि फार वेळ मांडी घालणे टाळावे. वजन एक किलो उतरले, तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही जेवणाच्या पानावर आठवावे.

सांधा एकाएकी लाल, गरम व सुजलेला झाला, ताप आला, किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-एक तासानेही सुटत नसला, तर ते दुखणे निराळे असू शकते. अशा वेळी सांध्यास विसावा द्यावा आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा वारंवार तोल जाणाऱ्यांनी आरंभापूर्वीच डॉक्टरांस विचारावे.

आपल्या गावातील शासकीय रुग्णालयास विनोबा भावे यांचे नाव आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा १९५१ साली भूदानासाठी पायी निघाले, तेव्हा त्यांचे वय ५५ होते आणि प्रकृती नाजूक होती. पुढे सुमारे तेरा वर्षे ते चालत राहिले. एवढा देश त्यांनी एका झेपेत ओलांडला नाही. रोज एक मजल आणि रोज एक मुक्काम, असा तो प्रवास झाला. दुखऱ्या सांध्याच्या माणसाने त्यांच्या मैलांशी बरोबरी करू नये. त्यांचा नेम मात्र घ्यावा. अंथरुणापासून अंगणापर्यंतची मजलही नेमाने केली, तर ती यात्राच आहे.

आपल्याकडे पावसाळा मोठा. जून ते सप्टेंबर अंगण ओले, रस्ते निसरडे. त्यामुळे चातुर्मासात जुन्या मंडळींचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि दिवाळीपर्यंत गुडघे अधिकच आखडतात. या महिन्यांत ओसरीवर किंवा मंदिराच्या कोरड्या सभामंडपात चालण्याचा नेम ठेवावा. चातुर्मासात आपण काही ना काही सोडण्याचा नेम करतो. यंदा ज्येष्ठांनी एक गोष्ट धरण्याचा नेम करावा.

घरच्या तरुणांसही आमचे सांगणे आहे. वडिलांच्या हातातील पाण्याचा तांब्या काढून घेऊ नका. त्यांच्या बरोबर चार पावले चाला. त्यांना मंदिरात आणा, पायरीवर हात द्या, सभामंडपात भिंतीशी खुर्ची मांडून द्या. त्या खुर्चीवर बसलेल्याकडे कोणी वळून पाहू नये, इतकी ती सवयीची होऊ द्या.

ज्येष्ठांनी तर मनातील संकोच काढूनच टाकावा. भगवंत भाव पाहतो. कपाळ भूमीला टेकले की नाही, हे तो मोजीत नाही. खुर्चीवर बसून जोडलेले दोन हात त्याला साष्टांग नमस्काराइतकेच पोचतात. अर्ध्या शक्तीने का होईना, नमस्कार घडावा आणि रोज घडावा. तो घडण्याइतके बळ आपणां सर्वांच्या सांध्यांत राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.