सामाईक भिंत

घरी केलेल्या वस्तूला आपल्याकडे एक वेगळाच मान आहे. फराळ विकतचा असला, तर तो पाहुण्यांपुढे ठेवताना घरची बाई किंचित संकोचते. आणि घरची चकली थोडी मऊ पडली असली, तरी ‘घरची आहे’ एवढ्या दोन शब्दांवर ती खपून जाते. कामट्या आणि पतंगाचा कागद आणून मुलांनी केलेला आकाशकंदील एका बाजूला कलला, तरी कोणी नावे ठेवीत नाही. माणूस जे आपल्या हातांनी करतो त्यात तो स्वतःच थोडासा उतरलेला असतो. म्हणूनच घरात काय करावे नि काय करू नये हे बाहेरचा कोणी सांगू लागला, की त्याला राग येतो. तो राग नेहमीच अडाणीपणाचा असतो असे नाही. पुष्कळदा तो स्वाभिमानाचा असतो.

घरी करायच्या वस्तूंत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे: विजेची साठवण. देशोदेशी असे हौशी कारागीर आहेत, की जे टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या उघडतात, आतले बोटाएवढे लिथियमचे सेल बाहेर काढतात, एकेकाची ताकद मोजतात, सारख्या ताकदीचे सेल निवडून निकेलच्या पट्ट्यांनी सांधतात, आणि अशी मोठी पेटी तयार करून ती छपरावरच्या सौर पॅनेलांना जोडतात. दिवसाचे ऊन रात्री वापरायचे! कल्पना रम्य आहे, आणि शहाणपणाचीही आहे. लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तिच्यातला एखाददुसराच सेल गेलेला असतो. बाकीचे धडधाकट असतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आपल्या समाजाला या उद्योगातली थोरवी समजावून सांगावी लागू नये. शिवाय भारनियमनाच्या रात्री अजून आपण विसरलेलो नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. छपरावर वीज तयार होऊ लागली, की ती साठवण्याची इच्छा आज ना उद्या घरोघर होणारच.

आता या सेलाचा स्वभाव पाहा. सर्वांत सर्रास आढळणारा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. अशा शंभर-सव्वाशे सेलांत साधारण एक युनिट वीज मावते. वीजबिलावर एक युनिट म्हणजे क्षुल्लक गोष्ट. पण तेवढीच शक्ती हजार किलोंचा दगड साडेतीनशे मीटरांहून उंच उचलू शकते. ही शक्ती पलंगाखाली मावते, हेच तिचे आकर्षण आणि हाच तिचा धोका. सेलातले दोन थर एका पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. सेल चेपला, फाजील भरला गेला किंवा आतून बिघडला, की तो पडदा फाटतो. थर एकमेकांना भिडतात. उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतल्या द्रव्यांच्या क्रिया सुरू होतात, आणि त्यांतून आणखी उष्णता. एक सेल पेटला, की शेजारचा तापतो, त्याच्या शेजारचा तापतो. कित्येक जातींच्या सेलांत तापलेले द्रव्य स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे वरून घोंगडे टाकून ही आग गुदमरत नाही. तिचा धूर विषारी असतो. विझली म्हणून निःश्वास सोडावा, तर काही तासांनी ती पुन्हा भडकते. शंभर वर्षे चुलीशी संसार केलेल्या आजीचे सारे शहाणपण या आगीपुढे अपुरे पडते.

या आगीला शासनांनी आपापल्या परीने उत्तर दिले आहे. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे दगावली. त्यांतल्या बहुतेक बॅटऱ्या विजेच्या सायकलींच्या आणि तत्सम वाहनांच्या. पण सायकलीची बॅटरी आणि घरची साठवण यांचे कूळ एकच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्या शहराने प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीला बंदी केली, आणि जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल जोडून नवी बॅटरी बनवण्यालाही बंदी केली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी २०१९ साली घरातल्या साठवणीसाठी एक मानक तयार केले. त्यात झोपण्या-बसण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा छताच्या पोकळीत अशी बॅटरी बसवण्यास मनाई आहे. त्यातले एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. बॅटरी ज्या भिंतीवर आहे तिच्या पलीकडे माणसांच्या वावराची खोली असेल, तर मधे न जळणारा आडोसा हवा, असे ते कलम सांगते. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने बॅटरीकडे तर पाहिलेच, पण भिंतीपलीकडे कोण आहे तेही पाहिले.

हौशी कारागिराचा आक्षेप येथेच सुरू होतो. तो म्हणतो, “घर माझे, पैसा माझा, हात माझे. जळलो तर मी जळेन. तुम्ही कोण?” हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. व्यक्तीवर सत्ता गाजवण्याचा समाजाला अधिकार आहे तो केवळ इतरांची हानी टाळण्यापुरता, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, असे जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडले. आपल्याकडे आगरकरांसारख्या बुद्धिवाद्यावर त्याच्या विचारांचा खोल ठसा होता. माणसाला डोंगरकडा चढू द्यावा, समुद्रात पोहू द्यावे, आणि या दोहोंतला धोका त्याचा त्याला पत्करू द्यावा, हे मला मान्य आहे. माणसाला सर्व धोक्यांतून सोडवणारे शासन त्याला अखेर पाळण्यात निजवून ठेवील.

पण मिलचे सूत्र नीट वाचले, तर त्यातच उत्तर आहे. प्रश्न एवढाच, की माझे घर कोठे संपते? सातबाऱ्यावर ते कुंपणाशी संपते, सोसायटीच्या कागदांवर ते दाराशी संपते. आग मात्र हे कागद वाचीत नाही. चाळीत काय किंवा सातमजली इमारतीत काय, माझी भिंत ही शेजाऱ्याचीही भिंत असते. माझे छत म्हणजे वरच्यांची जमीन. आणि माझ्या दारापुढचा जिना हा चार बिऱ्हाडांचा बाहेर पडण्याचा एकुलता एक मार्ग असतो.

महाभारतातले लाक्षागृह येथे आठवते. ते घर जळण्यासाठीच बांधलेले होते. पांडवांना ते ठाऊक होते; विदुराने सावध केले होते, आणि त्याने पाठवलेल्या खनकाने भुयारही खणून ठेवले होते. घर पेटले तेव्हा जाणते भुयारातून सुखरूप निघून गेले. जळाले त्यांत त्या रात्री जेवायला आलेली एक निषाद स्त्री होती आणि तिचे पाच मुलगे होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हते, आणि ते झोपलेले होते. कथेच्या ओघात आपण पांडवांबरोबर भुयारातून बाहेर पडतो आणि त्या सहांकडे वळून पाहात नाही. घरी बॅटरी जोडणाऱ्या कारागिराची स्थिती या जाणत्यांसारखी असते. कोणता वास धोक्याचा, कोणता खटका आधी खाली करायचा, केव्हा सारे सोडून पळायचे, हे त्याला माहीत असते. त्याचे ज्ञान हेच त्याचे भुयार. वरच्या मजल्यावर झोपलेल्या पोराला भुयार नाही. धोका पत्करण्याचा हक्क मी मानतो. पण झोपलेल्याच्या वतीने तो पत्करण्याचा हक्क कोणाला आहे?

कारागिराचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तो म्हणतो, “प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे. कारखान्यांतून आलेल्या गाड्याही पेटल्याच ना?” पेटल्या. २०२२ साली आपल्या देशात विजेवरच्या स्कूटरी एकामागून एक पेटत होत्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचे मूल दगावले. त्यानंतर वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक झाले. एका सेलची आग साऱ्या पेटीत पसरते का, हेही तपासले जाऊ लागले. जवळपास प्रत्येक नियमाच्या पायाशी अशी एखादी राख असते. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. नियमाचे काम हे, की ज्याचे अजून जळलेले नाही त्यालाही ते कळावे.

नियम पाळला म्हणजे आग लागतच नाही, असे कोणीही सांगू शकणार नाही. मग नियमाचा अर्थ काय? माझ्या मते, जो शेजारी माझ्या घरात येऊन विचारू शकत नाही, त्याने विचारला असता तो प्रश्न म्हणजे नियम. पेटी कोठे ठेवलीस? जास्त भरली गेली तर ती आपोआप तुटते का? एक सेल पेटला तर दुसऱ्याचे काय? मी रात्री झोपल्यावर तिच्याकडे कोण पाहते? हे प्रश्न कारखानदारालाही आहेत आणि हौशी माणसालाही. आणि ते दुसऱ्यानेच विचारावे लागतात. कारण आपला तो बाब्या हा न्याय हातच्या कामालाही लागतो. महिनाभर खपून जोडलेली पेटी तिच्या कर्त्याला सदोष दिसणे फार अवघड आहे. तो अप्रामाणिक असतो असे नाही. त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो.

मात्र शेजाऱ्याची बाजू घेताना कायद्यालाही काही विचारायला हवे. न्यूयॉर्कमध्ये स्वस्त, बिनप्रमाणपत्राच्या बॅटऱ्या घेणाऱ्यांत घरोघर जेवण पोचवणारे पुष्कळ कष्टकरी होते. त्यांच्या लेखी बॅटरी ही हौस नव्हती, भाकरी होती. अशा माणसाला नुसते ‘नको’ म्हणून चालत नाही. ज्याला महागडी वस्तू परवडत नाही त्याच्यावर नुसती बंदी घातली, तर वस्तू नाहीशी होत नाही. ती पलंगाखाली जाते, आणि तेथे ती अधिक धोक्याची होते. त्या शहराने पुढे जुनी बॅटरी देऊन प्रमाणित बॅटरी घेण्याची योजना आणली, ती याच जाणिवेतून आली असावी. आपल्याकडच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना नोंदणीचा मार्ग ठेवला आहे. गोधडी शिवण्याची बुद्धी मारून टाकायची नाही, तिला उजेडात आणायचे, असा विचार त्यात दिसतो. कायद्याचा हात रोखण्यासाठी उठतो तेव्हा दुसऱ्या हाताने वाट दाखवणे हे त्याचे कर्तव्य आहे. गावोगावच्या तंत्रनिकेतनांत अशा पेट्या तपासून देण्याची सोय झाली, तर हौशी माणसाला चोरासारखे लपावे लागणार नाही. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही आपली जुनीच कथा.

घरात काहीच न करणारा, सारे विकत आणणारा समाज मला नको आहे. हात चालले पाहिजेत, डोके चालले पाहिजे. पण ज्या घरगुती वस्तूचे अपयश केवळ आपल्या ताटात पडते, आणि ज्या वस्तूचे अपयश दुसऱ्याच्या अंथरुणाशी पोचते, या दोहोंतला भेद आपण ओळखला पाहिजे. फसलेली चकली आणि फसलेली बॅटरी यांना एकच ‘घरची आहे’ ही सबब चालणार नाही.

यासाठी एक साधी कसोटी पुरे आहे. जी वस्तू मी घरात करतो आहे, ती शेजाऱ्याला बोलावून, तिच्यातला धोका त्याला समजेल अशा भाषेत सांगून, मी दाखवीन का? दाखवीन असे मन निःशंकपणे म्हणाले, तर बहुधा नियमही माझ्या आड येणार नाही. मन कचरले, तर अडचण नियमात नाही. या दिवसांत फराळाची ताटे भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूकडे जात-येत असतात. भिंतीपलीकडे माणसे आहेत याची आठवण ठेवण्याची ती एक जुनी, गोड रीत आहे. नियमही तेच सांगतो, फक्त त्याला गोड बोलता येत नाही.