सुटकेची ऐपत

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असं ज्याच्या घरातलं कुणी कधी आत गेलेलं नाही त्यालाच वाटतं. हुकमात एक ओळ असते: समजा, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. पेपरातली बातमी या ओळीपाशी संपते आणि घरच्यांची धावपळ तिथून सुरू होते.

बुलढाणा जिल्ह्यात तर ही धावपळ घाट चढूनच करावी लागते. आपल्याकडे घाटावरचा आणि घाटाखालचा अशी माणसाची ओळखच असते. संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर, शेगाव, खामगाव घाटाखाली. जिल्हा कारागृह घाटावर, बुलढाण्यात. खालच्या तालुक्यात गुन्हा नोंदला गेला की कोर्ट खाली, माणूस वर आणि जामीनदार बहुधा शेतात. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर नागपूर खंडपीठ. म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर आणि वकिलाची वेगळी फी.

जामीनदार शोधणं म्हणजे खरं तर सातबारा शोधणं. चालू तारखेचा उतारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि कोर्टानं मागितलाच तर तहसीलमधून ऐपतीचा दाखला. आता आपल्या भागातला सातबारा उघडून पाहा. चार भावांचं नाव सामाईक, वाटणी कागदावर झालेली नाही. इतर हक्काच्या रकान्यात पीककर्जाचा बोजा. बाईचं नाव बहुतेक वेळा नाहीच. म्हणजे नवरा आत असेल तर त्याच्यासाठी धावणारी एकमेव व्यक्ती कागदाच्या हिशेबात कुणीच नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी कुटुंबाकडे वनहक्काचा पट्टा असला, तरी कायद्यानं तो वारसांना जातो, विकता येत नाही. जी जमीन विकता येत नाही ती हमी म्हणून पुढे केली, तर दुसरा सातबारा आणा असं सांगितलं जाणार, हे ओघानंच आलं. भूमिहीन मजुराची आणि पालावरच्या पारध्याची गोष्ट तर इथवरही पोचत नाही.

मग बाजार उभा राहतो. ज्याला जामीनदार मिळत नाही, त्याला कोर्टाच्या आवारात तो विकत मिळतो. बनावट सातबारा आणि बनावट रेशनकार्ड लावून जामीन राहणाऱ्यांवर राज्यात गुन्हे दाखल होत आले आहेत. म्हणजे आरोपी पळू नये म्हणून ज्या माणसाची हमी घ्यायची, तो माणूसच खोटा. या पद्धतीवर यापेक्षा कडक टीका कुणाला करता येईल असं मला वाटत नाही.

हे सगळं सर्वोच्च न्यायालयाला १९७८ मध्येच दिसलं होतं. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी. जामीन मंजूर झालेला, पण दंडाधिकाऱ्यानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि जिल्ह्याच्या सीमेवरून जामीनदार नाकारण्याच्या सवयीची चांगलीच खरडपट्टी काढली. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांमधली माणसं समोर आली. आरोप सिद्ध झाला असता तर जी शिक्षा झाली असती, तिच्याहून जास्त काळ त्यांतली कित्येक खटल्याविना आत होती.

मोतीरामची अडचण बुलढाण्याला नवी नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या किंवा सुरतेच्या कामावर इथून माणसं जातात. तिकडे एखाद्यावर चोरीचा गुन्हा नोंदला गेला, तर त्याला ओळखणारी सगळी माणसं गावाकडे. मुकादम सहसा अंग काढून घेतो. तिथलं कोर्ट स्थानिक जामीनदार मागतं आणि गावातला सातबारा असून नसल्यासारखा होतो.

ज्याच्यामागे गाव आहे त्याची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२३ मध्ये कापूस-सोयाबीनचा भाव आणि पीकविम्यासाठी बुलढाण्यात आंदोलन झालं. शेतकरी नेते रविकांत तुपकर आणि त्यांचे सहकारी अटकेत गेले, त्यांना अकोल्याच्या कारागृहात ठेवलं आणि काही दिवसांत त्यांचा जामीन झाला. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्याच्या अटकेची बातमीच होत नाही, त्याचं काय? नाव आणि पैसा असूनही कागद वेळेवर पोचतोच असं नाही. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं आर्यन खानला जामीन दिला, जामीनदार म्हणून जुही चावला उभी राहिली, तरी आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत सुटकेचा कागद वेळेत पडला नाही म्हणून तो दुसरी रात्रही आत राहिला आणि ३० तारखेला सुटला. पुढे मे २०२२ मध्ये आरोपपत्र आलं, तेव्हा त्यात त्याचं नावच नव्हतं. शाहरुखच्या मुलाला ज्या पेटीनं अडवलं, ती संग्रामपूरच्या मजुराला किती दिवस अडवत असेल?

इथे एक अप्रिय गोष्ट लिहायला हवी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले आणि बाल न्याय मंडळानं सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. महाराष्ट्र पेटला. निबंधाची अट हास्यास्पद होती, यात शंका नाही. पण अल्पवयीनाला जामीन देणं हाच त्या कायद्यातला नियम आहे, आणि जूनमध्ये त्याला निरीक्षणगृहातून सोडताना उच्च न्यायालयानंही लोकक्षोभापेक्षा कायदा वर ठेवला. आपला राग चुकीच्या जागी गेला. त्याला काही तासांत जामीन का, असं आपण विचारत राहिलो. बाकीच्यांना महिने का लागतात, हे विचारायचं राहून गेलं. जामीन नाकारणं हीच पहिली शिक्षा, असं आपण मनोमन धरून चाललो आहोत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतल्या तिघांचा दोष अजून ठरायचा होता.

फिर्यादीची भीती खोटी नसते. गावात मारहाण करणारा दांडगा दुसऱ्या दिवशी सुटून त्याच गल्लीतून मोटारसायकल फिरवतो, तेव्हा फिर्यादी बाईनं काय समजायचं? अॅट्रॉसिटी कायद्याच्या १५-अ कलमानं पीडितेला जामिनाच्या सुनावणीत म्हणणं मांडायचा हक्क दिला आहे, तो याच अनुभवातून. पण नीट पाहिलं तर या दांडग्याला रकमेची अट कधीच अडवत नाही. त्याच्याकडे वीस एकरांचा बिनबोजाचा सातबारा असतो. त्याला अडवते ती गावबंदीची अट, हजेरीची अट, साक्षीदारांपासून लांब राहण्याची अट आणि ती मोडली तर जामीन रद्द करणारं कोर्ट. म्हणजे पैशाची हमी फिर्यादीलाही वाचवत नाही. ती फक्त गरिबाला आत ठेवते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यानं सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन बंदच केला. तिथे धोका आहे की नाही याची सुनावणी होते, खिसा तपासला जात नाही.

आपल्याकडे कागदावर उपाय कमी नाहीत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन समजून त्याला मुचलक्यावर सोडावं, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. मात्र एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असले तर ही सवलत गेली. ज्यांना पोलीस प्रत्येक चोरीत आधी उचलतात, त्यांच्यासाठी ही अट फार महागडी आहे. २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळू शकते (२०२३ च्या नियमांत ही मर्यादा चाळीस हजार होती), त्यासाठी जिल्हास्तरीय समिती आहे. हेतू चांगला, पण हिशेब अजब: सरकारनंच धरायचं आणि सोडण्यासाठी सरकारनंच पैसे भरायचे. हेच काम आरोपीच्या सहीच्या मुचलक्यावर झालं असतं.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं जास्त कामाची गोष्ट सांगितली. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंग अधीक्षकाकडे जावा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. आणि जामीन मंजूर झाल्याची तारीख अधीक्षकानं ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावी.

ही तारीख आणि सुटकेची तारीख यांच्यामध्ये किती दिवस गेले, हे बुलढाण्याच्या कारागृहापुरतं काढणं अवघड नाही. त्यासाठी नावं लागत नाहीत, नुसते आकडे पुरतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ते मागता येतात.