‘जा’ असं कोणी म्हणायचं?



आजचं वाचन: लूक ९:५७-६२. सोबत मार्क ७:९-१३ पण उघडून ठेवा, मधेच लागणार आहे.

परीक्षा संपत आल्या की आमच्या घरी शुक्रवारच्या सहभागितेत एकच विषय निघतो: पुढे काय? कोणाचं प्लेसमेंट झालेलं असतं, कोणाचं नाही. आणि दरवर्षी एक-दोन जण असे असतात, ज्यांच्या मनात प्रभूने काहीतरी वेगळं घातलेलं असतं. एक वर्ष सेवेला द्यावं, कुठेतरी दूर जावं, विद्यार्थ्यांमध्ये पूर्ण वेळ काम करावं. मग घरी फोन होतो आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

अशा वेळी लूक ९ हा अध्याय हमखास कोणीतरी काढतो. एक माणूस येशूला म्हणतो, आधी वडिलांना पुरून येतो, मग येतो. येशूचं उत्तर आपल्याला धक्का देतं. मेलेल्यांचं काम मेलेल्यांवर सोड, तू जाऊन देवाच्या राज्याची घोषणा कर, अशा अर्थाचं ते उत्तर आहे. दुसरा म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्याला नांगराचं उदाहरण मिळतं: नांगराला हात घालून मागे बघणारा या कामाचा नाही.

वचन कडक आहे, आणि ते मऊ करायला मी बसलेली नाही. पण मला एक प्रश्न पडतो. हे वचन कोणी कोणाला सांगायचं? त्याचं उत्तर शोधताना मला एक जुनं कुटुंब सापडलं, आणि त्याची सुरुवात आपल्या कोल्हापुरात होते.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये भारतात आले. आधी अहमदनगरला काम केलं, मग १८५२ मध्ये पत्नी इलायझाबरोबर कोल्हापूरला गेले. १८६३ मध्ये तिथेच त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. म्हणजे हा मुलगा जन्माने कोल्हापूरकर! ग्रेस ही त्याची मोठी बहीण. १८७० च्या दशकात कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टन या कॉलेजच्या गावात राहू लागलं. वडिलांनी तिथून १८७८ मध्ये ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं मासिक सुरू केलं. शरीर अमेरिकेत, मन कोल्हापुरात, असं ते घर.

रॉबर्ट प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना मिशनबद्दल विचार करणारी काही मुलं त्यांच्या घरी जमू लागली. मुलं एका खोलीत बोलत, प्रार्थना करत आणि ग्रेस दुसऱ्या खोलीत एकटी त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे. भाऊ-बहीण मिळून एक मोठी मागणी करत होते: अमेरिकेच्या कॉलेजांतून एक हजार तरुण मिशनसाठी उभे राहू देत.

१८८६ चा उन्हाळा. रॉबर्ट नुकताच पदवीधर झाला होता. डी. एल. मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे कॉलेजच्या मुलांसाठी जवळजवळ महिनाभराचं बायबल शिबिर ठेवलं होतं. रॉबर्ट निघाला तेव्हा ग्रेस त्याला म्हणाली होती की तिथे शंभर जण उभे राहतील. शिबिराला अडीचशेच्या आसपास मुलं होती, आणि मिशन हा काही त्या शिबिराचा मुख्य विषय नव्हता. रॉबर्ट आणि त्याच्यासारखे थोडे जण रोज प्रार्थना करत राहिले, एकेकाशी बोलत राहिले. शिबिर संपलं तेव्हा तयार झालेल्यांची संख्या होती शंभर. त्यांत कॉर्नेलचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. साठ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच मॉटला नोबेल शांतता पारितोषिक मिळालं.

आता गोष्ट आपल्या वचनापाशी येते. शिबिरात पेटलेलं हे काम इतर कॉलेजांत घेऊन कोण जाणार? रॉबर्टला विचारलं गेलं. पण घरी वडील आजारी होते. ते फार दिवस काढतील असं वाटत नव्हतं. वर्षभर फिरतीवर राहायचं म्हणजे कदाचित वडिलांची शेवटची भेटही होणार नाही. रॉबर्ट अडखळला. आपल्यापैकी कोणीही अडखळला असता.

तेव्हा वडिलांनीच त्याला जवळ बोलावलं आणि लूक ९ मधलं हेच वचन त्याला सांगितलं. मेलेल्यांचं काम मेलेल्यांवर सोड, तू जा.

थोडं थांबा इथे. ज्याला पुरायचं होतं, तो स्वतः म्हणतोय, माझ्यासाठी थांबू नकोस. हे वचन ना मूडींनी त्याच्या डोक्यावर आपटलं, ना कुठल्या कॅम्पच्या वक्त्याने. ज्याला त्याची किंमत मोजायची होती, त्याच्याच तोंडून ते आलं.

रॉबर्ट निघाला. सोबत प्रिन्स्टनचाच मित्र जॉन फोरमन, तोही भारतातल्या मिशनरी घराण्यातला. १८८६-८७ मध्ये दोघांनी दीडशेहून अधिक कॉलेजं आणि सेमिनरी पालथ्या घातल्या, आणि दोन हजारांहून जास्त तरुण-तरुणींनी मिशनसाठी तयारी दाखवली. मागितले होते एक हजार! १८८८ मध्ये यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर उभी राहिली.

वडील १८८७ च्या ऑक्टोबरात प्रभूकडे गेले. त्यानंतर इलायझा आणि ग्रेस, मायलेकी दोघी, पुन्हा आपल्या कोल्हापूरच्या भागात सेवेला आल्या. पुढे रॉबर्टही भारतात आला आणि इथल्या विद्यार्थ्यांमध्ये त्याने काम केलं.

या गोष्टीसमोर वचन ठेवलं की मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. येशू हे कोणाला म्हणाला? ज्याच्या मनात ‘आधी’ हा शब्द होता, त्याला. काही अभ्यासक म्हणतात की त्या माणसाचे वडील बहुधा अजून जिवंत होते. त्या काळी प्रेत सहसा त्याच दिवशी पुरत, म्हणजे वडील खरंच गेले असते तर मुलगा रस्त्यावर येशूशी बोलत उभा नसता. त्याचं म्हणणं असं असावं: वडील आहेत तोवर घरी राहतो, सगळं मार्गी लागलं की बघू. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘आधी सेटल होतो’. येशू बोट ठेवतो ते या न संपणाऱ्या ‘आधी’वर. वडिलांवरच्या प्रेमाला त्याने नाव ठेवलेलं नाही.

दुसरी. आता मार्क ७ बघा. परूशी लोक आईवडिलांना म्हणत, तुमच्या उपयोगी पडलं असतं ते मी देवाला वाहिलंय, ‘कुर्बान’ केलंय. झालं, जबाबदारी संपली! येशू त्यांना सरळ सांगतो की तुम्ही देवाची आज्ञा रद्द करताय. म्हणजे घर हे सेवा टाळायचं निमित्त होऊ शकतं, तसं सेवा हेही घर टाळायचं निमित्त होऊ शकतं. येशूला दोन्ही निमित्तं दिसतात. १ राजे १९ मध्ये अलीशा नांगर सोडून निघाला, तेव्हा त्याला आईवडिलांचा निरोप घेऊ दिला गेला. मार्क १ मध्ये पेत्राने जाळी सोडली, आणि त्याच अध्यायात पुढे येशू पेत्राच्याच घरात, त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूचा हात धरून उभा आहे. जाळी सुटली, सासू सुटली नाही. आणि वधस्तंभावरून स्वतःच्या आईची सोय लावणारा आपला प्रभूच आहे (योहान १९).

तिसरी. रॉबर्ट जाऊ शकला, कारण आजारी माणसाजवळ घर होतं. इतिहासात नाव रॉबर्टचं मोठं झालं. पण बंद खोलीत गुडघ्यावर असलेली ग्रेस आणि अंथरुणावरून ‘जा’ म्हणणारा बाप यांना वगळून ती दोन हजारांची गोष्ट सांगताच येणार नाही. देवाच्या हिशेबात ‘गेलेला’ आणि ‘राहिलेला’ असे दोन दर्जे मला कुठे सापडत नाहीत.

आता आमच्या घरचं सांगते. माझ्या नवऱ्याने आयटीमधली नोकरी सोडून विद्यार्थ्यांमध्ये पूर्ण वेळ काम करायचं ठरवलं, तेव्हा सासऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. पगार कोण देणार? आणि माझ्या म्हातारपणाचं काय? ते निवृत्त शिक्षक, सांगलीत एकटे राहतात. ‘बाबा, लूक ९ वाचा’ असं उत्तर देणं सोपं होतं. आम्ही कागद घेऊन बसलो. दर महिन्याचा पहिला शनिवार-रविवार सांगलीला. मंडळीकडून आणि मित्रांकडून जी मदत येईल, तिच्यातून सगळ्यात आधी बाबांची औषधं आणि विम्याचा हप्ता, मग आमचं बाकीचं. बाबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि आपल्या पवित्र शास्त्रात ठेवून दिला. काही महिन्यांनी प्रार्थना करताना ते पहिल्यांदा ‘माझ्या मुलाच्या कामासाठी’ असं म्हणाले. तोच आमचा समर्पण-विधी, असं मी मानते.

लेकीचंही तेच. हे पाचारण तिने निवडलेलं नाही. ती सहा वर्षांची आहे, आणि शुक्रवारी तिच्या पलंगावर हॉस्टेलच्या चार मुली गिटार घेऊन बसलेल्या असतात. त्या तायांवर तिचा जीव आहे, पण तिलाही तिचं घर हवंच ना? म्हणून सोमवारी संध्याकाळी आमचं दार बंद, फोन बंद. सोमवार तिचा. पौल तीमथ्याला लिहितो की जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाही त्याने विश्वास नाकारला आहे (१ तीमथ्य ५:८). हे वाक्य सेवकांना लागू नाही, असं कुठे लिहिलंय?

मागच्या वर्षी फायनल इयरची एक मुलगी शुक्रवारी सगळे गेल्यावर मागे थांबली. तिला आदिवासी भागातल्या एका वसतिगृहात वर्षभर शिकवायला जायचं होतं, आणि ते ओझं खरं होतं, मी दोन वर्षं बघत होते. पण घरी पपांचं डायलिसिस सुरू झालेलं, मम्मी नोकरीवर, भाऊ बारावीत. कुठल्याशा कॅम्पमध्ये तिला कोणीतरी सांगितलं होतं की मागे बघशील तर अपात्र ठरशील. ती रडत विचारत होती, “ताई, मी थांबले तर प्रभूला नाही म्हटल्यासारखं होईल का गं?”

मी तिला ‘जा’ म्हटलं नाही, ‘थांब’ही म्हटलं नाही. तो शब्द माझा नव्हताच. एवढंच म्हटलं, “घरी जा, पपांना सगळं सांग. लपवू नकोस आणि भांडूही नकोस. मग तिघं मिळून प्रार्थना करा.”

ती गेली, सांगितलं, आणि या वर्षापुरती घरी राहायचं तिने स्वतः ठरवलं. डायलिसिसचे चार-चार तास ती पपांच्या शेजारी बसते. हातात त्या वसतिगृहातल्या मुलांच्या नावांची यादी असते, आणि एकेक नाव घेऊन ती प्रार्थना करते. मला ग्रेसची बाजूची खोली आठवते. पपांनी अजून ‘जा’ म्हटलेलं नाही. पण परवा त्यांनी तिला विचारलं, ते गाव नकाशात नक्की कुठे आहे गं?

मित्रांनो, आज तुम्हाला काय करता येईल?

तुमच्या मनात पाचारण असेल तर आज तुमचा ‘आधी’ कागदावर लिहून काढा. त्यातलं किती खरं कर्तव्य आहे आणि किती नुसती भीती, हे प्रभूसमोर प्रामाणिकपणे वेगळं करा. कर्तव्य असेल तर त्याची सोय लावा. भीती असेल तर तिला नांगराच्या मागे सोडा.

तुम्ही इतरांना शिकवत असाल, कॅम्प घेत असाल, तर लूक ९ जरूर शिकवा. पण दुसऱ्याच्या आईवडिलांची किंमत आपण मोजत नसतो, हे लक्षात ठेवून शिकवा.

आणि हे वाचणारे कोणी आईवडील असतील तर... रॉयल वाइल्डर यांनी आयुष्यात खूप काम केलं. पण माझ्यासारखीला त्यांची आठवण येते ती त्या एका वाक्यासाठी. मुलाला अडवणं अगदी सोपं असताना त्यांनी त्याला सोडलं.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमच्याआधी आमच्या आईवडिलांना ओळखतोस. आमच्या भीतीला कर्तव्याचं नाव देण्यापासून आम्हाला वाचव, आणि आमच्या कठोरपणाला विश्वासाचं नाव देण्यापासूनही वाचव. जे जातील त्यांच्यासोबत जा. जे राहतील त्यांच्यासोबत राहा. आणि आज ज्या घरात ‘जा’ हा शब्द ओठांवर येऊन अडकला आहे, त्या घराला तुझी शांती दे. आमेन.