छत्राखालचे जंगल

जंगल किती आहे, हे आपण वरून मोजतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात उपग्रहचित्रावरून झाडांच्या छत्राने किती जमीन झाकली ते पाहतात. ७० टक्के किंवा अधिक असेल तर अतिघनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. मोजणीला हे सोयीचे आहे. पण एका वयाच्या, रांगेत लावलेल्या सागालाही या हिशेबात चांगले गुण मिळू शकतात. रानाच्या तळाशी काय उगवते, याचा त्यात पत्ता नसतो आणि माझ्या मते रानाची खरी प्रकृती तिथेच कळते.

जूनच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडांचा वाटा असतोच, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळाची खाज मरत नाही. काकड हे पानझडी रानातले झाड आणि शेवळ हा त्याच रानाच्या तळाचा कंद. म्हणजे छत्र आणि तळ एकाच टोपलीत आले! शेवळ कोरडे महिने जमिनीखाली काढते, त्यामुळे वरून वणवा गेला तरी सहसा वाचते. पावसाची चाहूल लागली की आधी फुलोरा वर येतो, पान मागाहून. सागाची पाने भरून येईपर्यंत जमिनीवर उजेड भरपूर असतो. काळी मुसळी, रानहळद, कळलावी यांचाही संसार असाच, चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढण्याचा.

महाबळेश्वरच्या सदाहरित रानात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तिथे तळाला हिरवाईची दाटी असेल असे वाटते, पण अंजनी-जांभळाच्या गच्च छत्राखाली उन्हाचा जेमतेम एखाददुसरा टक्का पोचतो. खाली पाचोळा, सावली सोसणारी रोपे, ओलीला नेचे. आमरी आणि शेवाळ उजेडासाठी फांद्यांवर चढलेली. शिवाय हा सगळा पाऊस मुख्यतः चार महिन्यांतच कोसळतो. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा, तर आपल्याकडे सात-आठ महिन्यांचा. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधील ज्याँ-पिएर पास्काल यांनी १९८०च्या दशकात सदाहरित वनांचा अभ्यास करताना या कोरड्या काळाच्या लांबीला फार महत्त्व दिले. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती महिने नसतो, हा प्रश्न मला अधिक बोलका वाटतो.

कारवी तर स्वतःच दुसरे छत्र होते. तिच्या दाट काठ्यांखाली फारसे काही तगत नाही. सात-आठ वर्षांनी ती एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. मग दबलेल्या रोपांना मोकळा उजेड मिळतो. अशा वेळी पाहणी केली तर तळ भरलेला दिसेल, दोन वर्षे आधी केली असती तर ओसाड. एका भेटीत जातींची यादी करून रानाला श्रीमंत-गरीब ठरवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

युरोप-अमेरिकेतल्या समशीतोष्ण वनांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात, छत्र दाट झाले तिथे तळाच्या वनस्पतींमधला उष्णताप्रेमी जातींकडचा कल मंदावलेला आढळला. सावली तापमानवाढीचा धक्का सौम्य करते, हे खरेच. पण सावली पाऊस लवकर आणू शकत नाही. वळवाच्या सरीने जागा झालेला कंद पुढे महिनाभर कोरडा राहिला, तर वरचे झाड त्याच्यासाठी थोडीफार ओल धरून ठेवण्यापलीकडे काय करणार? आणि तीही पाचोळा जागेवर असला तरच. देवराईत मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की सर्वांत आधी साफ होतो तो नेमका हाच पाचोळा आणि झाडोरा. मोठी झाडे राखली, म्हणून देवराई राखली असे गावही म्हणते आणि उपग्रहही.