सगळेच बियाणे

सिमरोल हे इंदूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार येथेच आहे, आणि त्याच्या आसपास माळव्याची काळी जमीन पसरली आहे. पहिला चांगला पाऊस झाला की या जमिनीत सोयाबीन पेरतात आणि साधारण शंभर दिवसांत ते कापणीस येते. मधल्या काळात शेतकरी निंदणी करतो, कोळपणी करतो, कीड पाहतो. परंतु शेंगेत दाणा काही तो भरीत नाही. तो रात्री निजलेला असतो तेव्हाही दाणा भरतच असतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने हाच दाखला घेतला आहे.

धनी निजलेला असताना वाढणारी अशीच एक शेती आता मोबाइलवर आली आहे. इंग्रजीत तिला ‘आयडल गेम’ म्हणतात; म्हणजे स्वस्थ बसून खेळण्याचा खेळ. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना या खेळाची ओळख असलेली बरी, कारण आपल्या वर्गातील मुले तो खेळत असण्याचा संभव आहे. हा खेळ वाईट आहे असे ठरवून हा लेख लिहिलेला नाही. तो शहाणपणाने कसा खेळतात ते आधी पाहू आणि नंतर त्या शहाणपणालाच एक प्रश्न विचारू.

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध खेळ ‘कुकी क्लिकर’. ज्युलियन थिएनो या फ्रेंच तरुणाने तो २०१३ साली काढला. पडद्यावर एक मोठे बिस्किट असते. त्यावर एकदा बोट दाबले की आपल्या खाती एक बिस्किट जमा होते. १५ बिस्किटे साठली की आपोआप दाबणारा एक बाण विकत घेता येतो. १०० साठली की बिस्किटे भाजणारी एक आजी. १,१०० साठली की एक शेत. बाण सेकंदाला एक दशांश बिस्किट देतो, आजी एक देते आणि शेत आठ. मात्र प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूची किंमत शेकडा १५ने वाढते.

यात पुढे जाण्याचा पहिला नियम हा की, वस्तूची किंमत पाहू नये, ती किती वेळात फिटते ते पाहावे. बाण १५० सेकंदांत फिटतो, पहिली आजी १०० सेकंदांत, आणि शेत सुमारे १३८ सेकंदांत. म्हणून आरंभी आजी घ्यावी. तीन आज्या झाल्या की चौथीची किंमत १५३ होते. तेव्हा शेताकडे वळावे. दुसरा नियम असा की, संख्या वाढवण्यापेक्षा कधीकधी आहे तेच सुधारावे. दहा आज्या असताना अकरावी घेतली तर ती फिटायला ४०५ सेकंद लागतात. परंतु १,००० बिस्किटांची एक सुधारणा आहे, तिने साऱ्या आज्यांचे काम दुप्पट होते. ती १०० सेकंदांतच फिटते. तिसरा नियम, बिस्किटांचा ढीग उगाच पडून ठेवू नये. जे फिटण्याजोगे असेल त्यात तो लगेच गुंतवावा. चौथा नियम, दिवसभर बोट दाबीत बसू नये. या जातीच्या बहुतेक खेळांत खेळ बंद असतानाही उत्पन्न साचत राहते. ठरलेल्या वेळी यावे, हिशेब करावा आणि उठून जावे.

पाचवा नियम सर्वांत कठीण आहे. पुढे वाढ मंदावते तेव्हा सर्व काही सोडून देऊन शून्यापासून आरंभ करता येतो. या खेळात त्याला चक्क ‘स्वर्गारोहण’ म्हणतात. जुने सर्व जाते, पण मिळालेल्या प्रत्येक पायरीमागे पुढील उत्पन्नात शेकडा एकची भर पडते. एकूण एक लाख कोटी बिस्किटे झाली की पहिली पायरी मिळते, दुसरीसाठी आठ लाख कोटी लागतात, तिसरीसाठी सत्तावीस लाख कोटी. एकदोन पायऱ्यांसाठी घाई करणारा तोट्यात जातो. काहीशे पायऱ्या पदरात पडेपर्यंत जाणकार थांबतात.

वाचकहो, हे नियम हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. दिसण्यावर न भुलता हिशेब करणे, धीर धरणे, हातचे सोडून पुन्हा आरंभ करण्याची तयारी ठेवणे, हे गुण आपण मुलांत रुजवू पाहतो. शेकडा १५ने वाढणारी किंमत पाच खरेद्यांत दुप्पट होते आणि वीस खरेद्यांत सोळा पटींवर जाते, हे ज्या मुलाला खेळता खेळता कळले, तो पुढे सावकाराच्या कागदावर डोळे मिटून सही करणार नाही.

आता प्रश्न. या बिस्किटांचे पुढे करायचे काय? ती कोणी खात नाही. त्यांनी फक्त अधिक बिस्किटे करणारी साधने घेता येतात. शेतकरीही सारे पीक विकून टाकत नाही. पुढच्या पेरणीसाठी काही बियाणे राखतो. परंतु बाकीचे बाजारात जाते, तेलघाण्यात जाते, त्यातून मुलांची फी भरली जाते. खेळातले पीक मात्र सगळेच बियाणे. पेरणीमागून पेरणी होते, कापणीचा दिवस कधीच येत नाही. दाखल्यातील मनुष्य पीक तयार होताच विळा घालतो. तेवढा विळा या शेतीत नाही.

यावर कोणी म्हणेल, रांगोळीने तरी कोणाचे पोट भरते? बुद्धिबळातून तरी काय पिकते? आक्षेप योग्य आहे. विरंगुळ्याने उत्पन्न दिलेच पाहिजे, असा नियम केला तर आयुष्य रुक्ष होईल. परंतु रांगोळी पुरी होते आणि पाहणारा क्षणभर थांबतो. बुद्धिबळाचा डाव संपतो आणि दोघे हसत उठतात. ज्या खेळाला शेवट आहे त्यातून मनुष्य मोकळा होऊन उठतो. शेवट नसलेल्या खेळातून त्याला स्वतःच उठावे लागते, आणि ते सोपे नाही.

याचा एक बोलका पुरावा आहे. २०१० साली इयन बोगॉस्ट या अमेरिकन प्राध्यापकाने अशा खेळांची थट्टा करण्यासाठी ‘काऊ क्लिकर’ काढला. त्यात एक गाय होती. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा बोट दाबायचे, एवढाच खेळ. थट्टा म्हणून काढलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले. २०११च्या सप्टेंबरात त्याने साऱ्या गाई नाहीशा केल्या. तरीही काही जण, जेथे गाय उभी असे त्या रिकाम्या जागेवर बोट दाबीत राहिले.

त्यांना हसण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहू. पवित्र शास्त्रात दोन मोठी कोठारे आहेत. एक योसेफाचे. सुबत्तेच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा राखला आणि दुष्काळात ते कोठार उघडले. दुसरे लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवानाचे. त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. दोघेही हिशेबी, दोघेही दूरदृष्टीचे. आपल्या कोठाराचे दार कोणासाठी आणि कधी उघडायचे, हे योसेफाला ठाऊक होते. धनवानाला मात्र स्वतःपलीकडे कोणी दिसत नव्हते.

बँकेतील ठेव, घराचे मजले, मुलांचे गुण, मंडळीच्या वार्षिक सभेत वाचला जाणारा सभासदांचा आकडा, हे सर्व वाढते तेव्हा आपल्याला बरे वाटते. बरे वाटण्यात दोष नाही. पण एका ठेवीतून दुसरी ठेव आणि एका समितीतून दुसरी समिती एवढेच होत असेल, तर आपणही सगळे बियाणेच पेरीत बसलो आहोत. शब्बाथ शाळेतील हजेरीच्या ताऱ्यांचा तक्ताही पाहावा. दहा तारे मिळवलेल्या मुलाने एखाद्या नव्या, बुजऱ्या मुलाला आपल्याजवळ बसवून घेतले तर त्या ताऱ्यांना दाणा आला. नाहीतर ती बिस्किटेच.

म्हणून शिक्षकांस एक सूचना. वर्गातील मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेऊ नका. तो हा खेळ कसा खेळतो, आधी काय घेतो, केव्हा थांबतो, पुन्हा आरंभ केव्हा करतो, हे त्याला सर्वांपुढे समजावून सांगू द्या; तो आनंदाने सांगेल आणि चांगले सांगेल. मग त्याला विचारा, “बाळ, यातले किती झाले म्हणजे पुरे? आणि तेव्हा ते कोणाला देशील?” उत्तर लगेच आले नाही तरी घाई करू नका. घरी गेल्यावर तोच प्रश्न आपल्या पासबुकापुढे बसून स्वतःलाही विचारावा.