जपण्याचे दोन अर्थ

जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहपुरा लागते. हिवाळ्यात हा सगळा भाग मटारच्या पोत्यांनी भरलेला असतो. तिथल्या एका लग्नात जेवणाच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या, तरी एका खुर्चीवर एक हँडबॅग बसलेली होती. बॅगेखाली स्वच्छ रुमाल अंथरलेला, पट्टा नीट दुमडलेला. शेजारी एक वयस्क मावशी हातात ताट धरून उभ्याने जेवत होत्या. बॅगेच्या मालकिणीने त्यांना दोनदा आग्रहाने म्हटले, ‘‘मावशी, बसून घ्या ना.’’ पण बॅग उचलण्याचे काही तिच्या मनात आले नाही. मावशींनाही त्यात वावगे वाटले नसावे. बॅगेकडे पाहत त्याच कौतुकाने म्हणाल्या, ‘‘महागाची आहे हो!’’

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे लगेच त्या बाईंना हसतात. मला ते हसणे पटत नाही. वस्तू जपणे हा आपल्याकडे गुणच मानला गेला आहे, आणि तो आहेही. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळायची, मधूनमधून घडी बदलायची, म्हणजे एकाच जागी मोडून जर चिरत नाही, हे ज्ञान आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. शिवाय बाईच्या पिशवीला आणखी एक अर्थ आहे. भरल्या घरात तिच्या मालकीची म्हणता येईल अशी जागा पुष्कळदा एवढीच असते. कपाटाची किल्ली सगळ्यांकडे असते, पण पर्समध्ये न विचारता कोणी हात घालत नाही. स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली महाग बॅग कोणी डोळ्यांत तेल घालून जपत असेल, तर तिच्यावर विनोद करणे सोपे आहे, न्याय्य नाही.

मग त्या खुर्चीत खटकण्यासारखे काय होते?

मी हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत अनुवाद करते. ‘जपणे’ या शब्दापाशी मला नेहमी थांबावे लागते. हिंदीत ‘जपना’ म्हणजे नाव घेणे, माळ ओढणे. काळजीसाठी तिकडे ‘सँभालना’ आहे, ‘सहेजना’ आहे. मराठीत मात्र देवाचे नामही जपतात, तब्येतही जपतात आणि निघालेल्या माणसाला ‘जपून जा’ असेही म्हणतात. अनुवादात हे दोन अर्थ वेगळे करावेच लागतात. रोजच्या व्यवहारात ते वेगळे करणे अवघड जाते. आपण वस्तू जपतो आहोत की तिची किंमत मनात जपत बसलो आहोत, हे बाहेरून सारखेच दिसते.

फरक कळावा म्हणून एका बॅगेची गोष्ट पाहू. १९८०च्या दशकात अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन हिच्या विमानप्रवासात शेजारी एर्मेस कंपनीचे प्रमुख बसले होते. सगळे सामान मावेल अशी पिशवी मिळत नाही, ही तिची तक्रार. त्यातून जी बॅग जन्मली तिला कंपनीने तिचेच नाव दिले. आज जगभरात ‘बर्किन’ मऊ कापडात गुंडाळून, आकार बिघडू नये म्हणून आत कागद भरून ठेवली जाते. जेनने स्वतः मात्र आपली बॅग भरभरून वापरली. तिच्यावर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नखे कापायचे नेलकटर लटकवले, आणि १९९४मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी ती लिलावात देऊन टाकली. १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये हीच पहिली बॅग ८६ लाख युरोंना, म्हणजे सुमारे ८६ कोटी रुपयांना विकली गेली. तिच्यावर ओरखडे होते, स्टिकरांचे डाग होते. किंमत वाढली ती त्या खुणांसकट, काही अंशी तर त्या खुणांमुळेच. हातून गेलेले आयुष्य वस्तूवर उमटते, आणि ज्यांच्या बॅगा कपाटात निष्कलंक पडून आहेत त्यांनाही हवेहवेसे वाटते ते हेच.

त्याच्या काहीच दिवस आधी, जूनमध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने त्यामागची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे मिळून. परक्यांनी श्रेय दिले नाही याचा आपल्याला राग आला, तो रास्तच होता. पण आपला स्वतःचा हिशेब काय सांगतो? कोल्हापुरीचे चामडे कमावण्याच्या जुन्या रीतीत कातडे पिशवीसारखे शिवतात, त्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरून ते टांगतात. म्हणजे चप्पल होण्याआधी तेही एक पिशवीच असते. पुढे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते आणि चामड्याची महाग बॅग देवघरापर्यंत जाते. चामडे तेच. आणि ते कमावणाऱ्या, शिवणाऱ्या माणसांना तर शतकानुशतके आपण चपलेइतकेही जवळ येऊ दिले नाही. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली. परंतु कशाला अलगद हात लावायचा आणि कशापासून हात आखडता घ्यायचा, ही मनातली यादी कायद्याने बदलत नाही. त्या यादीत चामड्याचा विटाळ किंमतीने फिटतो, माणसाचा फिटत नाही.

म्हणून वस्तू किती जपावी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ओरखडा उठला की आपला आवाज कोणावर चढतो, हे पाहावे. घरकाम करणाऱ्या बाईंचा ओला हात बॅगेला लागला, लहान मुलाने तेलकट बोटे पुसली, वाढप्याच्या हातून रस्सा सांडला, तर आपण आधी कोणाकडे बघतो? भाजले का रे, असे त्या पोराला विचारतो, की डाग शोधतो? काळजी हा मनाचा एकच साठा आहे. तो वस्तूकडे वळला की माणसाच्या वाट्याला तेवढा कमी पडतो.

शहपुऱ्याच्या शेतांतून मटार भरणाऱ्या बायका फाटलेले पोते दाभण-सुतळीने शिवतात. पोत्याला कोणी खुर्ची देत नाही, पण कोणी ते टाकूनही देत नाही. उद्या त्यात पुन्हा मटार भरायचा असतो. तेही जपणेच आहे, आणि त्या जपण्यापायी कोणाला उभे राहावे लागत नाही.