हळर्णचा कोट आणि तारणारे नाव

वाचन : नीतिसूत्रे 18:10-11



पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठी हळर्ण येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा कोट होता. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु द आल्मैदा याने तो जिंकला. पुढे त्याला पदवी मिळाली, 'आलोर्नाचा मार्क्विस'. आलोर्ना म्हणजे आपले हळर्णच! जिंकलेल्या कोटाचे नाव जिंकणाऱ्याच्या घराण्याला लागले.

आज तेथे जाऊन पाहा. जांभ्या दगडाच्या भिंती आहेत. शिबंदी नाही, पहारा नाही. आणि त्या नावाचे काय झाले? पदवीचा वारस, म्हणजे त्याचा मुलगा, 1758 साली राजद्रोहाच्या संशयावरून लिस्बनमध्ये पकडला गेला व 1777 पर्यंत तुरुंगात राहिला. भोसल्यांना कोटाने राखले नाही. त्या मुलाला नावाने तारले नाही.

ज्ञानी शलमोन दोन आश्रयस्थाने शेजारी शेजारी दाखवतो. एक परमेश्वराचे नाव. धार्मिक तेथे धाव घेतो व निर्भय होतो. दुसरे धनवानाचे धन; ते त्याला उंच तटासारखे भासते, केवळ भासते.

आपल्या मंदिरात पंख्यावर कोणाचे नाव, फरशीवर कोणाचे, यावरून मने दुखावतात. कुटुंबे उपासनेला येईनाशी होतात. शब्बाथशाळेच्या शिक्षिकेचे नाव मात्र कोठेच कोरलेले नसते. ती लेकरांच्या ओठी येशूचे नाव घालते. संकटाच्या रात्री त्या लेकराला कोणते नाव आठवेल?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या नावाचा मोह काढ आणि तुझ्या नावात आम्हांला आश्रय दे. आमेन.